जानेफळला ठेवून आलो ती गाडी

नाशिकहून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गाडीच्या चारही टायरांची हवा तपासली, डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढलं, पुढच्या बंपरवरच्या विंचची (रुतलेली गाडी ओढून काढायच्या रहाटाची) दोरी पूर्ण उलगडून पुन्हा नीट गुंडाळली आणि छपरावरच्या कॅरिअरचे नट पान्याने एकेक करून आवळले. एवढं सगळं करायची गरज नव्हती. गाडी महिन्यापूर्वीच सर्व्हिसिंगहून आली होती. पण निघण्याआधी तिच्याभोवती तास-दोन तास घालवल्याशिवाय मला प्रवासाला निघाल्यासारखं वाटत नाही, आणि या वेळी तर मी मुद्दाम वेळ काढत होतो.

त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेलेली आहे, उजव्याचीही कमी होत चालली आहे, गेलेली परत येत नाही, राहिलेली थेंब घालून टिकवायची. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी चालवता?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "आता थांबवा." मी मान डोलावली, थेंबांची बाटली घेतली, आणि गाडी चालवतच घरी आलो. बायकोला, कुंदाला, सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय.

मी मोजणी खात्यात नोकरी केली. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवल्या. डोळा हीच माझी कमाई. निवृत्त झाल्यावर ही मध्यम आकाराची फोर-बाय-फोर गाडी घेतली, आणि लोक देवघर सजवतात तशी सजवत गेलो. आधी रुंद, खोल नक्षीचे टायर. ते बसवले म्हणून चाकांवर रुंद कड्या. मग दारांखाली पायऱ्या, धुक्याचे दिवे, विंच, आणि पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून काचेच्या बाजूने वर गेलेलं ते काळं नळकांडं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत जाऊन फोर-व्हीलचा लिव्हर एकदा टाकायचो, कारण वापरला नाही तर तो अडकून बसतो. खालच्या सांध्यांना ग्रीस भरायचो. कुंदा गॅलरीतून बघायची आणि म्हणायची, "माझे गुडघे दुखतात तिकडेही थोडं ग्रीस येऊ द्या."

गेल्या दोन वर्षांत मात्र खरेदीचा रोख बदलला होता. मागचा कॅमेरा आला. चारही कोपऱ्यांना टीं-टीं करणारे सेन्सर आले. डाव्या आरशाच्या कोपऱ्यात छोटा गोल आरसा चिकटवला, मग त्याच्याहून मोठा गोल आरसा चिकटवला. दुकानदार म्हणायचा, साहेब, तुमच्यासारखा शौकीन माणूस नाही. शौक कसला, जे डोळ्याला दिसेनासं होत होतं ते मी दुकानातून विकत आणत होतो. आणि मूर्खपणा असा की रुंद टायर, कड्या आणि पायऱ्यांनी गाडी दोन्हीकडून चार-चार बोटं वाढवून ठेवली होती. जी बाजू दिसत नव्हती, तीच मी मोठी केली होती.

जानेफळच्या दिगंबररावांचं बोलावणं आलं तेव्हा मी ठरवलं, ही एक फेरी करायची आणि मग सांगायचं. मेहकर तालुक्यात माझी पाच वर्षं नोकरी झाली होती. दिगंबरराव तिथले शेतकरी, तेव्हापासूनचा स्नेह. दसरा होऊन गेला होता, परतीचा पाऊसही नुकताच येऊन गेला होता.

सिन्नरजवळून आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. त्या रस्त्यावर मला धीर वाटतो. कोणी आडवं येत नाही, सायकल नाही, शेळी नाही. कुंदा डावीकडच्या सीटवर बसून बोलत होती. गेली दोन वर्षं तिला प्रवासात बोलायची सवयच लागली आहे. "तो बघा ट्रक, केवढ्या गाठोड्यांचा." "ते बघा तळं." मी हूं हूं करत होतो. सिंदखेडराजाला महामार्ग सोडला, जेवण केलं आणि जुन्या रस्त्याने सुलतानपूरकडे निघालो. सोयाबीन निघालं होतं. जिकडे तिकडे काळी रानं मोकळी पडलेली, मधूनच तुरीच्या हिरव्या ओळी, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर दाणे वाळत घातलेले.

सुलतानपूर तीन-चार किलोमीटरवर राहिलं असेल. दुपारचे साडेचार वाजले होते. कुंदा मागे वळून पाण्याची बाटली शोधत होती. तेवढ्यात डावीकडे खडखडाट झाला, काच फुटल्याचा आवाज आला आणि गाडीच्या अंगाला काहीतरी घासत गेलं. मी ब्रेक दाबला. उतरून पाहतो तर एक मोटारसायकल कडेच्या ओल्या मातीत आडवी, तिच्यावरचा माणूस शेजारी बसलेला, आणि दुधाच्या दोन कॅनपैकी एक लोळत जाऊन चारीत पडलेली. दूध काळ्या मातीवरून वाहत होतं. आमचा डावा आरसा दोन्ही गोल आरशांसकट तुटून लोंबत होता.

तो पन्नाशीचा माणूस होता. पांदणीतून (शेतातल्या वाटेतून) रस्त्याला लागून आमच्या पुढे कडेकडेने चालला होता. त्याचं कोपर सोलवटलं होतं. कुंदाने गाडीतली औषधाची पेटी आणली. ती पेटीही मी कॅरिअरबरोबर हौसेने घेतली होती आणि आजवर उघडलेली नव्हती. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. तो माणूस शांतपणे हात पुढे धरून बसला होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"दिसलो नाई काय हो मी तुमाले?"

त्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ऊन डोळ्यांवर आलं," मी म्हणालो.

त्याने मान वळवून आमच्या मागे पाहिलं. आम्ही पूर्वेला चाललो होतो. सूर्य आमच्या पाठीमागे होता. कुंदा पट्टीची गाठ मारत होती, तिचे हात क्षणभर थांबले. मी खिशात हात घातला तेव्हा त्याने हातानेच नको म्हटलं. "दूध गेलं ते गेलं. म्हैस उद्या पुन्हा देते. मी गेलो असतो तं?" एवढं बोलून त्याने मोटारसायकल उचलली, राहिलेली कॅन नीट अडकवली आणि नाव विचारल्यावर "सुखदेव" असं सांगून तो सुलतानपूरच्या दिशेने गेला.

त्या रात्री लोणारला मुक्काम केला. सकाळी विवराच्या काठावर उभे राहिलो. जमिनीला एवढा गोल खड्डा पडलेला पाहिला की मोजणीदाराला आपली साखळी आठवतेच. कुंदा म्हणाली, "डावीकडे झाडीत देऊळ दिसतंय बघा." मला पाणी दिसत होतं, समोरचा उतार दिसत होता, देऊळ दिसत नव्हतं. मी पूर्ण मान फिरवली तेव्हा दिसलं. आदल्या दिवशीच्या खोट्याचं ओझं माझ्या मनावर होतं. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही मी विचार करत होतो तो आरसा कुठे मिळेल याचा.

आरशासाठी मेहकरला थांबलो. गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नईमभाई नावाचे डेंटर काम करतात असं पंपावर कळलं. साठीच्या आतबाहेरचे, पांढरी दाढी, हातात लाकडी हातोडा. घर शेडच्या मागेच. जुन्या सामानातून त्यांनी बसेल असा आरसा शोधून काढला आणि बसवायला घेतला. तो बसवून झाल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. डोळे मिटले आणि हाताचा तळवा गाडीच्या अंगावरून पुढून मागे हळूहळू फिरवत नेला. डावी बाजू झाली, मग उजवी. मग पुन्हा डावी.

"भाभी, आत जा, घरची मंडळी हाय. चहा घ्या," ते कुंदाला म्हणाले. ती गेली. मग त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः उकिडवे बसले.

"साहेब, एक बोलू? राग नका मानू."

"बोला."

"सगळे ठोके डाव्या अंगाले हायेत. हा जुना, याच्यावर तुमी रंग लावला. हा त्याच्याहून जुना. पायरी दोनदा वाकली, दोनदा सरळ केली. उजव्या अंगाले एक खरचटा नाई." त्यांनी तळवा फडक्याला पुसला. "ड्रायव्हर कच्चा असला तं तो दोन्हीकडून ठोकते. जो एकच बाजू ठोकते त्याचा हात बराबर असते. नजर नसते."

शेडमध्ये कुठेतरी पत्रा तापून टक टक वाजत होता.

"आमचे अब्बा बैलगाडीच्या चाकाले धाव (लोखंडी कडी) बसवत," नईमभाई सांगू लागले. "गोवऱ्यांच्या जाळात कडी लाल करायची, दोघांनी चिमट्यात धरून चाकावर टाकायची, वरून ठोकायची आन पानी मारायचं. अब्बाची नजर कमी झाली होती. त्याइले ठाऊक होतं, आमाले नाई. एक दिवस कडी चाकावर टाकायच्या ऐवजी बाजूले गेली. दुसऱ्या अंगाले चाचा उभा होता. त्याचा पाय गेला." त्यांनी हातोडा जमिनीवर ठेवला. "चाचानं कधी शिवी देली नाई. पन अब्बा जिता होता तोपर्यंत एकच म्हने, मी सांगतलं असतं तं."

"डेंट काढता का आता?" मी विचारलं.

"नाई. आरसा लावून देला. डावी बाजू आज सरळ करत नाई. सरळ केली की तुमाले पुन्हा वाटन, सगळं ठीक हाय."

मी चिडलो. मनातल्या मनात म्हणालो, हा कोण मला सांगणारा. कुंदा चहा पिऊन आली, आम्ही निघालो. मेहकर ते जानेफळ चौदा-पंधरा किलोमीटर असेल. गाडी मी फार हळू चालवत होतो. कुंदा नेहमीसारखी बोलत होती.

"ते बघा, बैलजोडी चाललीय."

"ती बघा, बाई भारा घेऊन."

"मैलाचा दगड केवढा पांढरा रंगवलाय."

पहिल्यांदाच मी तिचं बोलणं ऐकलं. म्हणजे शब्द रोजच कानावर पडत होते. बैलजोडी डावीकडे. बाई डावीकडे. मैलाचा दगड डावीकडे. सकाळचं देऊळ डावीकडे. समृद्धीवरचा ट्रक आणि तळंही. उजवीकडून या वेळात एक आख्खी मिरवणूक बँड वाजवत गेली होती, तिच्याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

"कुंदा, तू डावीकडचंच का सांगतेस?"

ती समोर बघतच म्हणाली, "उजवीकडचं तुम्हाला दिसतं."

"कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं होतील. डाव्या हाताला ठेवलेला चहा तुम्ही सांडायला लागलात. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला धडकायला लागलात. मग गाडीत बसल्यावर कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते." ती माझ्याकडे वळली. "आणि ती गाडी तुम्ही पुसता तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो ते मी बघते ना. ती काढून घेतली तर मागे काय राहील, या भीतीने गप्प बसले. वाटलं, मी बघत राहीन, निभेल. काल फक्त बाटली शोधायला वळले, अहो. एवढुश्या वेळात तो माणूस."

ती रडू लागली. आमच्या संसारात कुंदा माझ्यासमोर तीन-चार वेळाच रडली असेल. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तीन महिने लपवलेलं बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग दिगंबररावांना फोन केला आणि म्हणालो, "मी सात किलोमीटरवर आहे. कोणाला तरी गाडी चालवायला पाठवा. मला दिसत नाही."

ते स्वतःच एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. काही विचारलं नाही. चावी घेतली, सीट मागे सरकवली आणि म्हणाले, "वहिनी, घरी भाकरी थंड होऊन राह्यल्या. चला." मी मागच्या सीटवर बसलो. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी त्याआधी कधी बसलोच नव्हतो.

जानेफळला पोहोचलो तेव्हा त्यांच्या घरात चुलीवरची ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि गरम कढी तयार होती. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. दोन भाकरी खाल्ल्या. दिगंबरराव गाडीभोवती फिरून आले आणि त्या काळ्या नळकांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हे नाक काऊन लावलं? नाशकात तुमच्या गल्लीत पूर येते काय?" सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चला, वावरात जाऊ." सोयाबीन काढून मोकळं झालेलं आठ एकरांचं त्यांचं रान होतं. मध्ये झाड नाही, बांध नाही, विहीर पार उजव्या कोपऱ्यात. त्यांनी खाली वाकून मूठभर माती घेतली, दाबली, उघडली. मातीचा गोळा तसाच राहिला.

"वापसा (पावसानंतर जमीन पाय ठेवण्याजोगी होते ती अवस्था) नाई आला अजून. ट्रॅक्टर मी घालनार नाई. पन तुमच्या गाडीले चारही चाकाची ताकद हाय म्हन्ता ना?" त्यांनी चावी माझ्यापुढे धरली. "अठी (इथे) तुमच्या डावीकडं कोनीच नाई. आठ एकर हाय. चालवा."

मी कुंदाकडे पाहिलं. ती आधीच दार उघडून आपल्या जागेवर बसली होती.

टायरांची हवा थोडी कमी केली. लिव्हर मागे ओढून फोर-लोमध्ये, चारही चाकांना सगळ्यात जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये, टाकला. खालून जाड, ओळखीचा आवाज आला. पहिल्या पन्नास फुटांतच काळ्या मातीने रुंद टायरांची नक्षी बुजवून टाकली. चाकं गुळगुळीत झाली, गाडी शेपटी हलवत चालू लागली. एवढे रुंद टायर या मातीत काही कामाचे नाहीत हे मला पाच वर्षं इथे राहूनही दुकानात आठवलं नव्हतं. इथल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं अरुंद असतात, ती चिखल कापत जातात. एके ठिकाणी गाडी पायऱ्यांपर्यंत खाली बसली. मी ॲक्सिलरेटर वाढवला नाही. स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे केलं, आणि चारही चाकं एकामागून एक जमीन धरत वर आली. तेवढं मला अजून येतं. तेवढं मला येत होतं.

त्या आठ एकरांत कुंदा एकदाही काही बोलली नाही. तिला सांगायला डावीकडे काहीच नव्हतं. मी दोन मोठे फेरे घेतले, मधोमध थांबलो, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. त्रेसष्टाव्या वर्षी मला स्वतःचा राग येत होता, कीव येत होती आणि गाडीची मायाही वाटत होती. कुंदाने पाठीवर हात ठेवला. बांधावर दिगंबरराव आमच्याकडे पाठ करून उभे होते.

परत आल्यावर मी त्यांना म्हणालो, "ही तुमच्याकडेच राहू द्या. कागद मी पाठवतो." ते नको म्हणाले, मी हो म्हणालो, असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी अट घातली. नाक काढणार, विंच ठेवणार, रुंद टायर काढून कंपनीचे लावणार. "आन दर दसऱ्याले तुमी येऊन पाहून जाचं, हिची निगा बरी हाय की नाई."

मग ते म्हणाले, "चला, तुमाले शेगावला सोडतो. दुपारच्या गाडीत बसवून देतो."

"आधी सुलतानपूरला जायचंय," मी म्हणालो.

शेगाव उत्तरेला आणि सुलतानपूर बरोबर उलट दिशेला. दिगंबररावांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी उलट दिशेला वळवली. सुलतानपुरात दूधवाल्या सुखदेवबद्दल विचारलं, तर भेटलेल्या दुसऱ्या माणसानेच घर दाखवलं. तो गोठ्यात म्हशीला सरकी घालत होता. कोपराला कुंदाचीच पट्टी होती, आता मळलेली. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"परवा मी तुम्हाला ऊन डोळ्यांवर आलं म्हणालो," मी म्हणालो. "ते खोटं होतं. मला डाव्या बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. तरी मी चालवत होतो."

सुखदेवने हातातली पाटी खाली ठेवली. "ऊन तं तुमच्या पाठीशी होतं," तो म्हणाला. "मले तवाच समजलं होतं, काहीतरी लपवून राह्यले म्हनून." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात क्षमा होती की नाही हे मला सांगता येणार नाही. मग त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. "आता कोन चालवते?"

"मी," दिगंबरराव म्हणाले.

"हाव का? मंग बसा. चहा ठेवतो."

चहात पाण्याचा थेंब नव्हता. नुसतं दूध, साखर आणि आलं. त्याच्या बायकोने विचारलं, ऑपरेशनने बरे होतात का हो डोळे? मी सांगितलं, नाही, एवढेच राहतील, तेही राखले तर. ती म्हणाली, "राखा मंग." निघताना सुखदेवने दुखऱ्या हातानेच माझा दंड धरला आणि गोठ्याच्या उंबऱ्यावरून मला नीट खाली उतरवलं.

खामगावमार्गे शेगावला पोहोचलो. गजानन महाराजांचं लांबूनच दर्शन घेतलं, रांगेत उभं राहायला वेळ नव्हता. स्टेशनबाहेर दिगंबररावांनी आग्रहाने कचोऱ्या बांधून घेतल्या. मी गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूचे ठोके तसेच होते. नईमभाईंनी दाखवलेले एकेक मी हाताने चाचपले. प्रत्येक ठोक्याच्या पलीकडे कोणीतरी थोडक्यात वाचलं होतं, आणि मला त्यांतलं एकही माणूस आठवत नव्हतं. दिगंबरराव गाडीत बसले, हॉर्न वाजवला आणि खामगावच्या रस्त्याला लागले. दुसरा कोणी चालवत असताना ती मी बाहेरून पहिल्यांदाच पाहिली. चांगली दिसते.

आगगाडी वेळेवर आली. आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. मी खिडकीशी बसलो, कुंदा माझ्या डाव्या हाताला. गाडी सुटली तशी मी सवयीने वाट पाहू लागलो की आता ती काहीतरी दाखवेल. ती काहीच बोलली नाही.

एक गोष्ट मी पार विसरून गेलो होतो. कुंदाला प्रवासात झोप लागते. लग्न झाल्यावर पहिल्यांदा एसटीने माझ्या नोकरीच्या गावी निघालो तेव्हा ती डेपोच्या फाटकाबाहेर पडायच्या आत झोपली होती, आणि मी उरलेला सगळा रस्ता खांदा न हलवता बसलो होतो. तिच्या माहेरी यावरून तिची चेष्टा करायचे. माझ्या गाडीत मात्र दोन वर्षांत तिने एकदाही डोळा मिटला नव्हता. नाशिक ते कोकण, नाशिक ते नागपूर, कितीतरी हजार किलोमीटर ती काचेवर डोळे लावून बसली होती, आणि मला वाटत होतं, वयाबरोबर हिला निसर्गाची आवड लागलीय.

नांदुरा यायच्या आत तिची मान कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. मलकापूर गेलं. चहावाला ओरडत आला, कचोरीच्या पुड्याला कोणाचा तरी धक्का लागला, शेजारचं पोर रडून गप्प झालं. भुसावळला अर्धा डबा उतरला आणि अर्धा चढला. मी तिला उठवलं नाही.